ढगात शिरण्याआधी पॅनेलच्या मागे पाहा : घरी विमान बांधणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रति,
अमेरिकेत गराजमध्ये, हँगरमध्ये स्वतःच्या हातांनी विमान बांधणारी सर्व मराठी मंडळी

विषय : कमी खर्चात विमान आयएफआरसाठी (बाहेर न पाहता, उपकरणांवर उडण्यासाठी) सज्ज करताना पैसा आधी कुठे घालावा

स. न. वि. वि.

विमानाचा सांगाडा उभा राहिला, इंजिन बसलं की गप्पांचा रोख पॅनेलकडे वळतो. कुठला पडदा, किती इंची, एक की दोन. मग हिशेब मांडला जातो आणि बघता बघता तो इंजिनाच्या किमतीला भिडतो. इथे काही जण हात टेकतात, 'उपकरणांवर ढगातून उडणं आपल्या आवाक्यातलं नाही' म्हणून विषय मिटवतात. उरलेले पडदे घेतात आणि अँटेनाच्या केबलमध्ये काटकसर करतात. आमच्या मते दोघांचंही चुकतं, आणि दुसऱ्यांचं जास्त.

आमचं म्हणणं एवढंच की खर्चाचा क्रम उलटा करा. आधी स्टॅटिक (उंची आणि वेग मोजण्यासाठी बाहेरच्या हवेचा दाब घेणारी नळी) आणि पिटो (वेगासाठी समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी नळी), मग वीज, मग अँटेना आणि तारा, मग एकच पण नियमात बसणारा जीपीएस नॅव्हिगेटर. पडदे सगळ्यात शेवटी, ऐपत असेल तसे.

आधी नियमाचं बोलू, कारण तिथे गैरसमज फार आहेत. घरी बांधलेल्या विमानाला एक्सपेरिमेंटल प्रमाणपत्र मिळतं आणि त्यासोबत एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाची, ऑपरेटिंग लिमिटेशन्स (उडवण्याच्या अटी) येतात. त्यांत साधारण असं वाक्य असतं की चाचणीचा पहिला टप्पा संपल्यावरही, कलम ९१.२०५ प्रमाणे विमान सज्ज नसेल तर ते फक्त दिवसा आणि व्हीएफआरमध्येच (ढगांबाहेर, बाहेर पाहत) उडवावं. म्हणजे ९१.२०५ मधली यादी आपल्याला लागू होते ती या वाटेने. यादी वाचली तर ती तशी गरीबच आहे : दुतर्फा रेडिओ, जायच्या मार्गाला योग्य असं नॅव्हिगेशनचं उपकरण, कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक, टर्न रेट आणि स्लिप दाखवणारी उपकरणं, दाब जुळवता येणारा संवेदनशील अल्टिमीटर, सेकंद दाखवणारं घड्याळ आणि पुरेशा क्षमतेचा अल्टरनेटर. यातलं बहुतेक सगळं एका साध्या ईएफआयएसमध्ये, म्हणजे उड्डाणाची उपकरणं दाखवणाऱ्या पडद्यात, येऊन जातं. त्या ईएफआयएसवर टीएसओचा (एफएएच्या उपकरण-मानकाचा) शिक्का असण्याची सक्ती आपल्या विमानांना नाही. स्वस्ताई शक्य होते ती इथे.

ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारं यंत्र), एडीएस-बी (विमानाचं ठिकाण प्रसारित करणारं यंत्र) आणि जीपीएस यांच्या बाबतीत मात्र ही सूट नाही. आयएफआरसाठी जीपीएसवर विसंबायचं तर ते टीएसओ-सी१२९, सी१९६ किंवा वॉसवाल्या (वॉस म्हणजे जीपीएसची चूक उपग्रहांवरून सुधारणारी यंत्रणा) टीएसओ-सी१४५/सी१४६ च्या कसोटीचंच हवं. टॅबलेट, हातातला जीपीएस, ईएफआयएसमधला फुकटचा जीपीएस यांपैकी कशावरही अप्रोच (उपकरणांवर धावपट्टीकडे उतरत जाणं) करता येत नाही. एफएएच्या माहितीपुस्तिकेत हे स्वच्छ लिहिलेलं आहे. आणखी एक गल्लत नेहमी होते. १ जानेवारी २०२० पासून एडीएस-बी सक्तीचं झालं, तेव्हा त्यासाठी अचूक जीपीएस रिसीव्हर बसवले गेले. हे रिसीव्हर 'नियमात बसणारे' आहेत, पण फक्त एडीएस-बीला ठिकाण पुरवण्यापुरते. त्यांच्यात अप्रोचचा डेटाबेस नाही, मार्गाची आखणी नाही. 'माझ्याकडे २०२०चा जीपीएस आहे, आता नॅव्हिगेटर कशाला?' असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर हे आहे.

आता स्टॅटिक. यावर आम्ही थोडं लांबण लावणार आहोत, कारण पैसे सर्वांत कमी लागतात आणि चूक सर्वांत जास्त इथे सापडते.

दर २४ महिन्यांनी कलम ९१.४११ प्रमाणे अल्टिमीटर आणि स्टॅटिकची तपासणी होते. त्यातली गळतीची कसोटी अशी : विमानतळाच्या उंचीपेक्षा १,००० फूट वर दिसेल एवढा दाब कमी करायचा आणि एका मिनिटात १०० फुटांपेक्षा जास्त घसरण व्हायला नको. तपासणी करणाऱ्या दुकानात जाण्याआधी ही गळती घरीच शोधा. मोठी सिरिंज, नळीचा तुकडा आणि टेप एवढं सामान पुरतं. पण एक काळजी घ्या. पिटो उघडा ठेवून नुसत्या स्टॅटिकमधून १,००० फूट ओढले की एअरस्पीड इंडिकेटर जवळपास १५० नॉट दाखवतो, कारण त्याला तो दाबातला फरकच दिसतो. १२० नॉटपर्यंतचाच यांत्रिक काटा असेल तर तो टोकाला जाऊन आपटेल. म्हणून टी-जोड लावून पिटो आणि स्टॅटिक एकत्र ओढा. सोडताना सावकाश सोडा. झटक्यात हवा आत गेली तर व्हर्टिकल स्पीडचा काटा कामातून जातो. आणि तोंडाने फुंकर तर कधीच मारू नका.

गळती नाही याचा अर्थ स्टॅटिक बरोबर आहे असा होत नाही. दुकानातली यंत्रं जमिनीवर जोडली जातात; उडताना पोर्टपाशी (बाहेरचा दाब आत घेणाऱ्या भोकापाशी) हवेचा दाब किती असतो हे त्यांना कळत नाही. घरी बांधायच्या विमानांच्या आरव्ही मालिकेत हे नेहमी दिसतं. बांधणीच्या नकाशाप्रमाणे स्टॅटिक पोर्ट म्हणजे घुमटी डोक्याचा एक साधा पॉप रिव्हेट. दिसायला गावठी वाटतो म्हणून लोक तो काढून पत्र्याशी सपाट बसणारा, घोटून गुळगुळीत केलेला पोर्ट लावतात. तो रिव्हेट किंचित वर असतो, तेच त्याचं काम असतं. सपाट पोर्ट लावला की दाब चुकतो आणि एअरस्पीड व उंची दोन्ही चुकतात.

किती चुकतात? १५० नॉटला एअरस्पीड ५ नॉट जास्त दिसत असेल आणि दोष स्टॅटिकचा असेल, तर अल्टिमीटर समुद्रसपाटीजवळ साधारण ६६ फूट जास्त दाखवतो. म्हणजे विमान दिसतंय त्यापेक्षा ६६ फूट खाली आहे. जुन्या प्रमाणित विमानांच्या नियमांत ही मर्यादा दर १०० नॉटला ३० फूट होती. १५० नॉटला ४५. आपल्याला तो नियम बांधील नाही, पण माप म्हणून तो चांगला आहे. चूक वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून अप्रोचच्या ९० नॉटला तीच चूक २४ फुटांवर येते. पण फ्लॅप टाकल्यावर हवेचा प्रवाह बदलतो आणि हा हिशेब पुन्हा तपासावा लागतो. डिसिजन आल्टिट्यूड (धावपट्टी दिसली नाही तर जिथून पुन्हा वर जायचं ती उंची) जमिनीपासून २०० फुटांवर असेल तर यातला प्रत्येक फूट मोलाचा आहे.

मोजायचं असं : सकाळची शांत हवा, एकच उंची, एकच पॉवर, ऑटोपायलट लावलेला. एकमेकींपासून १२० अंशांवरच्या तीन दिशांना प्रत्येकी दोन मिनिटं उडा आणि जीपीएसचा ग्राउंडस्पीड टिपा. वारा हलका असेल तर तिन्हींची सरासरी म्हणजे जवळपास ट्रू एअरस्पीड (हवेतला खरा वेग). उंची आणि तापमान धरून इंडिकेटरवरून काढलेल्या ट्रू एअरस्पीडशी ती ताडून पाहा. त्याआधी इंडिकेटर स्वतः बरोबर आहे ना, हे पाण्याच्या नळीने जमिनीवर तपासून घ्या, नाहीतर दोष कुणाचा हे कळणार नाही. स्टॅटिकचाच दोष निघाला तर पोर्टपाशी पातळ पट्टी चिकटवून दाब बदलता येतो. भोकाच्या लगेच मागे पट्टी लावली की तिथला दाब वाढतो, पुढे लावली की कमी होतो. एअरस्पीड जास्त दिसत असेल तर पट्टी मागे. आधी टेपचे थर, आकडा जुळला की मग कायमची.

यादीत नसलेल्या दोन गोष्टीही इथेच घ्या : आल्टरनेट स्टॅटिक आणि पिटो हीट (पिटो गोठू नये म्हणून त्याला तापवण्याची सोय). आल्टरनेट स्टॅटिक म्हणजे केबिनमध्ये उघडणारा एक छोटा व्हॉल्व्ह. केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा बहुधा कमी असतो, त्यामुळे तो उघडला की उंची आणि वेग दोन्ही जास्त दिसतात. किती जास्त, ते स्वच्छ हवेत तीन-चार वेगांना मोजून कार्डावर लिहा आणि कार्ड पॅनेलवर लावा. पिटो हीटबद्दल लोक म्हणतात, 'मी बर्फात जाणारच नाही.' ठीक आहे. पण कमी किमतीच्या काही ईएफआयएसना क्षितिज काढण्यासाठी एअरस्पीडची मदत लागते. पिटो गोठला तर वेग तर जाईलच, शिवाय क्षितिजही जीपीएसच्या उसन्या आकड्यांवर चालेल. आपल्या ईएफआयएसचं पुस्तक उघडून तो अशा वेळी काय करतो हे वाचा, आणि स्वच्छ हवेत सोबतीला दुसरा वैमानिक घेऊन पिटो झाकल्यासारखी स्थिती तयार करता येत असेल तर करून पाहा.

वीज. जुन्या विमानात व्हॅक्यूम पंप गेला तरी वीज असायची, वीज गेली तरी पंपावर चालणारे जायरो (क्षितिज आणि दिशा दाखवणारी उपकरणं) फिरायचे. आपल्या विमानात सगळं एकाच तारेवर लटकलेलं असतं. म्हणून कागदावर हिशेब मांडा. एक दहा इंची पडदा ३ अँपिअर, नॅव्हिगेटर १.५, रेडिओ ऐकताना अर्धा, ट्रान्सपॉन्डर अर्धा, ऑटोपायलट १. असे ६.५ अँपिअर झाले. पिटो हीट चालू केली की त्यात १० ची भर, म्हणजे १६.५. आपल्याकडे लोकप्रिय असलेली कोरडी बॅटरी १६ अँपिअर-तासांची. ती जुनी होते, थंडीत मंदावते. ८० टक्के धरली तर १२.८ हाती येतात. पिटो हीट बंद असेल तर जवळपास दोन तास, चालू असेल तर जेमतेम पाऊण तास. त्यात जास्त प्रवाह ओढला की बॅटरी आपल्या छापील क्षमतेइतकं देत नाही, म्हणून अर्धा तासच धरा. ढगात असताना अल्टरनेटर गेला आणि खाली बर्फाळ थर असेल तर हा आकडा पुरणार नाही.

उपाय महाग नाही. व्हॅक्यूम पंपाची जागा रिकामीच असते. तिथे ८ अँपिअरचा छोटा अल्टरनेटर बसतो. तो ६.५ चा भार एकटा उचलतो आणि पिटो हीट लागली तर फक्त वरचे साडेआठ अँपिअर बॅटरीतून जातात, म्हणजे दीड तास. त्यासोबत गरजेच्या उपकरणांसाठी वेगळी एसेन्शियल बस (वीज वाटणारी स्वतंत्र पट्टी) काढा. तिला दोन वाटा द्या : मुख्य बसमधून डायोडमार्फत आणि बॅटरीतून थेट एका स्विचमार्फत. डायोड शॉटकी घ्या, साध्या डायोडात होणारा ०.७ व्होल्टचा तोटा जवळपास निम्मा होतो. मास्टर (मुख्य स्विच) बंद, एसेन्शियलचा स्विच चालू : दोन हालचालींत विमान सावरायला हवं. हे कागदावर राहू देऊ नका. बॅटरी पूर्ण भरून, जमिनीवर अल्टरनेटर बंद ठेवून, एसेन्शियल बसवर घड्याळ लावा आणि ईएफआयएस बंद पडेपर्यंत थांबा. जो वेळ येईल त्याच्या निम्मा आपला. दरवर्षी कंडिशन इन्स्पेक्शनला हेच पुन्हा.

एकाच कंपनीचे दोन पडदे म्हणजे दुहेरी सुरक्षा नव्हे. दोघांतही तेच सॉफ्टवेअर आहे, तीच चूक दोघे एकदम करू शकतात. दुसऱ्या पडद्याच्या पैशात वेगळ्या कंपनीचं, स्वतःची बॅटरी असलेलं एक छोटं क्षितिज घ्या. गार्मिनच्या जी५ ला जोडलेली बॅटरी चार तासांपर्यंत चालते. तेवढ्या वेळात तुम्ही नक्कीच कुठेतरी उतरलेले असाल.

मॅग्नेटोमीटरची (चुंबकीय दिशा मोजणाऱ्या उपकरणाची) जागा ठरवताना पोलादी बोल्ट, सर्व्हो (ऑटोपायलटच्या मोटरी) आणि जाड तारांपासून लांब राहा. बसवल्यावर पडद्यावर हेडिंग पाहत पाहत एकेक स्विच चालू करा : लँडिंग लाइट, स्ट्रोब, पिटो हीट. आकडा हलला तर त्या तारेचा प्रवाह जवळून जातो आहे. जाणारी आणि परतणारी तार एकत्र पिळून नेली की बहुतेक वेळा हा त्रास जातो.

अँटेनांकडे येऊ. जीपीएसचा अँटेना विमानाच्या वरच्या अंगाला, आकाश मोकळं दिसेल असा, आणि रेडिओच्या अँटेनापासून दोन-तीन फूट तरी लांब. जुना, वॉस नसलेला अँटेना वॉसच्या नॅव्हिगेटरला चालत नाही. केबल आरजी-४००. आरजी-५८ स्वस्त आहे, पण एकपदरी जाळीतून विजेचा गोंगाट आत शिरतो आणि तिचं प्लॅस्टिक सोल्डरिंगच्या उष्णतेत वितळतं. केबल खूप लांब नको हे सगळ्यांना माहीत असतं. काही नॅव्हिगेटरना ती खूप आखूडही चालत नाही. पुस्तकात सिग्नलचा किमान आणि कमाल क्षय दोन्ही दिलेले असतात. उरलेली केबल गुंडाळून ठेवायची असेल तर सैल वेटोळं करा, घडी घालू नका.

त्यानंतर ही चाचणी, जी बहुतेक जण गाळतात. जीपीएसची लहर १,५७५.४२ मेगाहर्ट्झवर येते. १२१.१८ च्या आसपास रेडिओ बोलला की त्याचा तेरावा हार्मोनिक (तेरापट फ्रीक्वेन्सीची उपलहर) आणि १३१.२८ च्या आसपास बोलला की बारावा हार्मोनिक नेमका तिथेच पडतो. म्हणून इंजिन बंद ठेवून, नॅव्हिगेटरला उपग्रह मिळाल्यावर १२१.१५०, १२१.१७५, १२१.२००, १३१.२५०, १३१.२७५ आणि १३१.३०० या सहा फ्रीक्वेन्सींवर, आधी ऐकून ती मोकळी असल्याची खात्री करून, प्रत्येकी अर्धा मिनिट मायक्रोफोनचं बटण दाबून ठेवा आणि उपग्रहांचं पान पाहा. इंटेग्रिटी (ठिकाणाची खात्री) गेल्याची सूचना आली किंवा सिग्नलच्या पट्ट्या कोसळल्या तर अँटेना हलवा किंवा रेडिओच्या केबलमध्ये नॉच फिल्टर (तेवढीच लहर अडवणारा) घाला. ही परीक्षा जमिनीवर झाली नाही, तर ती अप्रोच सुरू असताना टॉवरला उत्तर देताना होते.

आता नॅव्हिगेटर, म्हणजे जिथे खरोखर मोठी रक्कम जाते. २०१९ साली गार्मिनने जीपीएस १७५ आणला तेव्हा तो ४,९९५ डॉलरला होता. आता त्याहून महाग आहे, तरी त्याच कंपनीच्या मोठ्या जीटीएन ६५०एक्सआयपेक्षा बराच कमीत येतो. वॉस आहे, एलपीव्ही अप्रोच आहे. एलपीव्ही म्हणजे जमिनीवर कुठलंही यंत्र नसताना जवळपास आयएलएससारखी (धावपट्टीपाशी बसवलेल्या रेडिओ-यंत्रणेसारखी) खाली नेणारी वाट; अनेक ठिकाणी २०० फुटांपर्यंत. अमेरिकेत अशा वाटा ४,००० च्या वर आहेत, बऱ्याचशा अशा लहान विमानतळांवर जिथे आयएलएस कधीच बसणार नव्हतं. त्याच घराण्यातला जीएनएक्स ३७५ ट्रान्सपॉन्डर आणि एडीएस-बी सोबत घेऊन येतो. तुमच्याकडे दोन्ही नसतील तर तोच स्वस्त पडतो. असतील तर १७५ घ्या आणि थांबा.

जुना बाजार पाहणार असाल तर गार्मिनचाच जीएनएस ४३०डब्ल्यू मिळतो. त्यात रेडिओ, व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ-केंद्रावरून दिशा सांगणारा), आयएलएस सगळं आहे. उत्पादन बंद झालेलं आहे, त्यामुळे पडदा गेला तर दुरुस्तीची खात्री धरू नका. घेताना ट्रे, मागची प्लेट, कनेक्टर आणि वॉसचा अँटेना सोबत मिळतोय का ते आधी विचारा; हे सुटे घ्यायला गेलात तर 'स्वस्त' शब्द विसरावा लागतो. 'डब्ल्यू' नसलेला साधा ४३० कितीही कमीत मिळाला तरी आमचा सल्ला नको असाच आहे. त्यावर एलपीव्ही नाही, आरएआयएमचं (उपग्रह पुरेसे असतील का याचं) भाकीत पाहावं लागतं, विमानात दुसरं नॅव्हिगेशनचं साधन लागतं आणि मुक्कामाचा आणि पर्यायी असे दोन्ही विमानतळ जीपीएस अप्रोचच्या भरवशावर धरता येत नाहीत. वाचवलेले पैसे इथे परत जातात. डेटाबेसचा २८ दिवसांचा हप्ताही खर्चात धरा. अप्रोचसाठी तो ताजा लागतो आणि विमान विकेपर्यंत तो सुटत नाही.

वॉसवाल्याला नियमाने दुसरं साधन लागत नाही. तरी एक व्हीओआर-आयएलएस रिसीव्हर ठेवा. जीपीएसमध्ये लष्करी सराव आणि इतर कारणांनी अडथळा येतो, तशा नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) नियमित निघतात. एफएए व्हीओआरची संख्या कमी करत असली तरी किमान जाळं मुद्दाम राखणार आहे, जेणेकरून जीपीएस गेलं तर १०० नॉटिकल मैलांच्या आत कुठेतरी आयएलएस किंवा व्हीओआरवर उतरता यावं. अँटेनासाठी वेगळा खांब नको. धातूच्या विमानाला फायबरग्लासचं विंगटिप असेल तर त्यात आडवा अँटेना बसतो. पूर्ण फायबरग्लासच्या विमानात तांब्याच्या पट्टीचा डायपोल (दोन बाजूंचा अँटेना) कवचाच्या आत चिकटवता येतो. ११३ मेगाहर्ट्झला एका बाजूची लांबी सूत्राने ६६ सेंटिमीटर येते, प्रत्यक्षात थोडी कमी कापून एसडब्ल्यूआर मीटरवर (अँटेना किती जुळला ते दाखवणाऱ्या) जुळवावी लागते. कार्बन फायबरच्या आत काहीच चालणार नाही. तो धातूसारखाच लहर अडवतो. ग्लाइडस्लोपला (आयएलएसच्या उभ्या मार्गदर्शनाला) वेगळा अँटेना नको, एका अँटेनातून स्प्लिटरने दोन वाटा निघतात. विंगटिपमधला नॅव्हिगेशन लाइट एलईडी असेल तर तो चालू करून व्हीओआरचा आवाज ऐका. स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर नेमका त्याच पट्ट्यात किरकिरतो. व्हीओआरवर आयएफआर उडायचं तर दर ३० दिवसांत त्याची तपासणी आणि नोंद लागते : जमिनीवर ४ अंश, हवेत ६ अंश.

तारांबद्दल थोडक्यात. टेफझेलची (उष्णता सोसणाऱ्या आवरणाची) तार, डी-सब कनेक्टरला घडीव पिना, चार बाजूंनी दाबणारं क्रिम्प यंत्र. प्रत्येक पिन ओढून पाहा. शील्ड (तारेभोवतीची जाळी) एकाच टोकाला ग्राउंड करा. सगळ्या उपकरणांचं ग्राउंड एका ठिकाणी आणा. इंजिनचं ग्राउंड वेगळ्या पट्ट्याने तिथेच. नॅव्हिगेटर आणि ईएफआयएस एआरआयएनसी ४२९ या विमान-उपकरणांच्या डेटा-पद्धतीने बोलतात, त्यात ए आणि बी अशा दोन तारा असतात. त्या उलट लागल्या तर काहीही जळत नाही आणि काहीही दिसत नाही. वेगही दोन्हीकडे सारखा निवडावा लागतो : हाय किंवा लो. काही ईएफआयएसना, उदाहरणार्थ डायनॉनच्या स्कायव्ह्यूला, यासाठी वेगळं मॉड्यूल घ्यावं लागतं. साध्या सीरियल तारेवर मार्ग दिसतो, पण एलपीव्हीची उभी सुई येत नाही, आणि हे पहिल्या अप्रोचलाच कळतं. खरेदीच्या यादीत ते मॉड्यूल आधीच लिहा.

फॉर्म ३३७ (प्रमाणित विमानातल्या मोठ्या बदलासाठीचा एफएएचा कागद) आपल्याला लागत नाही, पण लॉगबुकात नोंद आणि वजन-तोलाचा नवा कागद लागतोच. चाचणीचा पहिला टप्पा चालू असताना आयएफआर नाही. तो संपला की स्वच्छ हवेत, सेफ्टी पायलट (बाहेर लक्ष ठेवणारा दुसरा वैमानिक) घेऊन, ज्या धावपट्टीला आयएलएस आणि एलपीव्ही दोन्ही आहेत ती शोधा. नॅव्हिगेटरवर एलपीव्ही, दुसऱ्या रिसीव्हरवर आयएलएस, दोन्ही सुया एकत्र पाहा. फायनल अप्रोच फिक्सवर (शेवटची उतरण जिथे सुरू होते त्या बिंदूवर) अल्टिमीटर नकाशातल्या उंचीशी जुळतो का, ते टिपा. एलपीव्हीची वाट भूमितीवर ठरलेली असते, अल्टिमीटरवर नाही, म्हणून इथे वर मोजलेली स्टॅटिकची चूक पुन्हा समोर येते. मात्र ही तपासणी हवा प्रमाणित तापमानाच्या जवळपास असताना करा. कडाक्याच्या थंडीत अल्टिमीटर नकाशापेक्षा जास्त उंची दाखवेल आणि दोष स्टॅटिकच्या माथी जाईल.

भारतातल्या वाचकांसाठी एक ओळ. कांदिवलीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेल्या विमानाची २०१७ साली नोंदणी झाली, तेव्हापासून महाराष्ट्रात या छंदाबद्दल कुतूहल वाढलं आहे. भारतात वॉसच्या जोडीचं गगन आहे; एप्रिल २०१५ मध्ये त्याला उभ्या मार्गदर्शनासाठी प्रमाणपत्र मिळालं आणि २८ एप्रिल २०२२ ला राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोचं एटीआर त्यावर उतरलं. वर लिहिलेलं अमेरिकेच्या नियमांबद्दलचं तिथे जसंच्या तसं लागू करू नका. स्टॅटिक, वीज आणि अँटेनाबद्दलचं मात्र कुठल्याही देशात करा.

यातल्या कुठल्या पायरीवर अडलात तर तुमच्या भागातल्या ईएए (घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना) चॅप्टरचा टेक्निकल काउन्सेलर बोलवा. तो पैसे घेत नाही. त्याला बोलवाल तेव्हा पॅनेल बंद करू नका. स्क्रू सगळे काढून ठेवा आणि तारांचा नकाशा हाताशी असू द्या.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
घरी बांधलेली विमानं उडवणारे आणि तपासणारे काही जण